संग्रहालयाचे स्वतःचे दप्तर : स्मिथसोनियनमधील सेवकवर्गाच्या इतिहासाविषयी

संग्रहालयाचा इतिहास म्हणजे तेथील वस्तूंचा इतिहास, असे मानण्याचा प्रघात आहे. त्या वस्तू ज्यांनी पेटाऱ्यांतून काढल्या, पुसल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या आणि सूचीत नोंदविल्या, त्यांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. १८४६ मध्ये स्थापन झालेली वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्था या बाबतीत अपवाद ठरावी. स्वतःच्या कारभाराची आणि कर्मचाऱ्यांची कागदपत्रे जपणारे स्वतंत्र अभिलेखागार तिने उभे केले आहे. हे काम मोठेच आहे. तथापि हे दप्तर कोणाला लक्षात ठेवते आणि कोणाच्या आधाराने, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

प्रारंभीच्या दप्तराचा मोठा भाग मुळात उरलाच नाही. २४ जानेवारी १८६५ रोजी संस्थेच्या मूळ इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शेगडी बसविताना तिची नळी धुराड्याऐवजी भिंतीच्या पोकळीत सोडली गेली होती. पहिले सचिव जोसेफ हेन्री यांचा पत्रव्यवहार आणि संस्थेचे दाते जेम्स स्मिथसन यांच्या वस्तू व कागदपत्रे तीत मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. पुढे विसाव्या शतकात अन्यत्र विखुरलेली पत्रे शोधून हेन्री यांच्या कागदपत्रांचे ११ खंड १९७२ ते २००७ या काळात सिद्ध करण्यात आले. सचिवाच्या जळालेल्या दप्तराची भरपाई करण्यासाठी संशोधकांच्या एका पिढीचे श्रम खर्ची पडले, हे येथे ध्यानात घ्यावे.

याच्या शेजारी सॉलोमन ब्राउन यांचे उदाहरण ठेवून पाहावे. स्मिथसोनियनचे हे पहिले आफ्रिकी-अमेरिकी कर्मचारी १८५२ मध्ये कामावर रुजू झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. ब्राउन जन्माने स्वतंत्र होते. हमालीपासून कारकुनीपर्यंत अनेक कामे करीत १९०६ पर्यंत, म्हणजे सुमारे ५४ वर्षे, ते संस्थेत राहिले. निसर्गविज्ञानावर व्याख्याने देणारे, कविता लिहिणारे आणि १८७१ मध्ये शहराच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेले हे गृहस्थ आज आपल्याला भेटतात ते बऱ्याच अंशी स्पेन्सर बेअर्ड यांच्या कागदपत्रांतून. बेअर्ड उन्हाळ्यात समुद्रकिनारी कामासाठी जात आणि मागे राहिलेले ब्राउन त्यांना इमारतीची, कामाची खबर पत्राने कळवीत. बेअर्ड यांना पत्रे जपून ठेवण्याची सवय होती. साहेब बाहेरगावी गेले नसते, तर सेवकाचे अक्षर कदाचित उरलेच नसते! जो सेवक रोज समोर असतो, त्याच्याशी पत्रव्यवहार कोण करणार?

दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. कवचधारी जलचरांच्या अभ्यासक मेरी रॅथबन यांनी १९१४ मध्ये आपले वेतन सोडले. त्या पैशातून वॉल्डो श्मिट या तरुण सहायकाची नेमणूक व्हावी, हा हेतू होता. त्यानंतरही अनेक वर्षे त्या विनावेतन काम करीत राहिल्या. सेवापुस्तिकेच्या हिशेबाने मात्र त्यांची नोकरी तेथेच संपली. वेतनपट हाच कर्मचाऱ्याचा पुरावा मानला, तर या वर्षांना जागा कोठे द्यायची?

अशा पोकळ्या भरण्याचे साधन म्हणून संस्थेने १९७३ मध्ये मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू केला. लेखी दप्तरात न येणारे बरेच त्यात आले. परंतु त्याचा रोख प्रामुख्याने संशोधन आणि प्रशासन यांच्या इतिहासाकडे होता. परिणामी ज्यांचे कागद आधीच होते, त्यांचा आवाजही अधिक नोंदला गेला, असे म्हणावे लागेल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलेखन केंद्राने दुसरी वाट काढली. तेथे हस्तलिखिते स्वयंसेवक वाचतात व टंकलिखित करतात. यामुळे पत्राच्या पोटात दडलेले एखाद्या शिपायाचे नावही शोधता येते. हा लाभ लहान नाही.

सेवकवर्गाचा इतिहास खुला करणे म्हणजे केवळ गौरव करणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९०३ पासून शारीरिक मानवशास्त्राचा विभाग सांभाळणारे आलेश हर्डलिच्का यांनी मानवी मेंदूंचा संग्रह केला होता. त्यांतील बहुतेक मेंदू संमतीविना घेतल्याचे २०२३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने उघड केले, आणि सचिव लॉनी बंच यांनी जाहीर क्षमायाचना केली. त्या शोधाचा एक आधार जुना पत्रव्यवहार हाच होता. दप्तर फक्त सन्माननीयांचे ठेवले असते, तर हा हिशेब मांडताच आला नसता.

अडचण उरते ती मांडणीची. कागद ज्याच्या कचेरीत निर्माण झाले वा जमा झाले, त्याच्या नावाने ते ठेवायचे, हे अभिलेखशास्त्राचे मूलतत्त्व आहे व ते मोडू नये. पण त्या नियमानुसार ब्राउन यांची पत्रे बेअर्ड यांच्या आवक पत्रांतच राहतात. मूळ मांडणीला हात न लावता, प्रत्येक सेवकाच्या नावाने स्वतंत्र निर्देशसूची करता येते. तीत हुद्दा, कामाचा काळ, वेतन असो वा नसो केलेले काम, आणि ते नाव कोणाच्या कागदांत सापडते, एवढे चार रकाने असले तरी पुरेत.