केंद्रक हुकूम सोडते, निरोपही ऐकते

पेशी शिकवताना एक उपमा हमखास येते : पेशी म्हणजे कारखाना, केंद्रक म्हणजे त्याचा व्यवस्थापक आणि हरितलवक म्हणजे अन्न तयार करणारा विभाग. उपमा सोपी आहे, मुलांच्या लक्षातही राहते. पण हुकूम फक्त वरून खाली जातात, अशी समजूत तिने होते. आमची हरकत या समजुतीला आहे.

हुकूम जातात हे खरेच. हरितलवकात सुमारे ३,००० प्रथिने असतात. त्यांपैकी जेमतेम ८० त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात. बाकीची केंद्रकातील जनुकांनुसार पेशीद्रवात तयार होऊन आत जातात. कार्बन डायऑक्साइड बांधून घेणारे रुबिस्को हे विकर पाहा. त्याचे ८ मोठे भाग हरितलवकाच्या जनुकावरून बनतात, तर ८ लहान भाग केंद्रकातील जनुकांवरून. हा मेळ राखायचा, तर हरितलवकाची स्थिती केंद्रकाला कळायलाच हवी.

ती कळते, याचा पुरावा १९७९ साली बार्लीच्या एका उत्परिवर्ती वाणात मिळाला. त्याच्या पांढऱ्या पानांतील लवकांत रायबोझोम नव्हते. केंद्रक जागेवर होते, तरीही हरितलवकासाठी त्याने बनवायची काही प्रथिने तयार होत नव्हती. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिसवर प्रयोग झाले. तणनाशकाने लवके निकामी केली, की एरवी केंद्रक प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंद करते. काही उत्परिवर्ती रोपांत ती चालूच राहिली. म्हणजे या रोपांत निरोपाची वाट तुटली होती. हा निरोप नेमके कोणते रेणू नेतात, याचा शोध अजून चालू आहे. हीम हा त्यांतला एक महत्त्वाचा उमेदवार.

मग कारखान्याची उपमा टाकून द्यावी काय? आमच्या मते नको, ती पुरी करावी. दौंड तालुक्यातील वरवंडसारख्या ऊसपट्ट्यातल्या मुलांना साखर कारखाना परका नाही. तोडणीचा कार्यक्रम शेतकी विभाग ठरवतो; पण गाळप बंद पडले आणि गव्हाणीपुढे गाड्या तुंबल्या, तर फडातली तोडणी थांबवावी लागते. कारखान्याचा निरोप कार्यक्रम बदलतो. हरितलवक केंद्रकाला असाच निरोप देते.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, असा आक्षेप येईल. पण इथे नवी संज्ञा शिकवायची नाही. फळ्यावरच्या आकृतीत केंद्रकाकडून हरितलवकाकडे जाणारा बाण आहे. उलट दिशेने आणखी एक काढायचा. ‘केंद्रकाला नियंत्रण केंद्र का म्हणतात?’ या ठरावीक प्रश्नाला ‘केंद्रकाला खबर कोण देते?’ अशी जोड द्यायची. पहिल्याचे उत्तर मुले पाठ करतात. दुसऱ्यासाठी त्यांना विचार करावा लागेल, आणि विज्ञानातले काही प्रश्न अजून सुटायचे आहेत हेही कळेल.