रक्ताविना क्षमा नाही?



शेजारच्या मावशींनी मेशियानिक मंडळींचे एक मराठी पत्रक आणून दिले. त्यातले म्हणणे असे: रक्ताविना पापक्षमा नाही, सन ७० मध्ये मंदिर पडले, यज्ञ थांबले, म्हणून आता येशूचे रक्त हेच नव्या कराराचे बलिदान. मावशींनी विचारले, "बाई, मग माझे किप्पूरचे उपास फुकट गेले का?"

पत्रकाची भाषा गोड आहे. रक्त आणि करार यांचे नातेही त्यांनी मनाने रचलेले नाही. शेमोथच्या २४व्या अध्यायात मोशे रब्बेनू वेदीवर व लोकांवर रक्त शिंपडतात. पण त्याआधी लोक आज्ञा पाळण्याचे कबूल करतात. करार या कबुलीचा. रक्त त्याची खूण.

पत्रकाचा मुख्य आधार वायिक्रा १७:११. हे वचन रक्त खाऊ नये या आज्ञेत आले आहे. वेदीवरचे रक्त प्रायश्चित्तासाठी आहे, एवढेच ते सांगते. दुसरा मार्गच नाही, असे सांगत नाही. उलट वायिक्रा ५:११ उघडून पाहा. ज्या गरिबाला दोन पारवेही परवडत नाहीत, त्याने एफाचा दहावा भाग सपीठ आणावे. तेही पापार्पणच, आणि त्यालाही क्षमा मिळते. पत्रकाने नेमके हेच वचन गाळले आहे.

किप्पूरच्या दुपारी आपण योनाचे पुस्तक वाचतो. निनवेच्या लोकांनी उपास केला, वाईट मार्ग सोडला, आणि देवाने त्यांना वाचवले. त्यांनी यज्ञ केल्याचा उल्लेख तिथे नाही.

मावशींना म्हटले, "उपास फुकट गेले नाहीत. मात्र ज्याचे मन आपण दुखावले, त्याची माफी आधी मागावी लागते. ती ना रक्ताने टळते, ना उपासाने."