तांब्याच्या नाण्यांची नोंदवही

शेतात धातुशोधक यंत्र फिरवून जुनी नाणी हुडकण्याचा छंद इंग्लंडमध्ये बराच पसरला आहे. अशा वस्तूंच्या नोंदी ठेवणारी ‘पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम’ तेथे १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या संग्रहात आज १५ लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत. विज्ञानशिक्षकांनी हा संग्रह जरूर पाहावा, पण डोळसपणे.

योजनेचे मोल कळते ते तांब्याच्या नाण्यांमुळे. तेथील १९९६ च्या निखात निधी कायद्यात सुटे तांब्याचे नाणे सहसा ‘निधी’ ठरत नाही. ३०० वर्षांहून जुनी किमान दहा नाणी एकत्र सापडावी लागतात. त्यामुळे सुटे नाणे दाखवणे ही शोधणाऱ्याची मर्जी. तरीही लोक ती आणतात आणि तज्ज्ञ वजन, व्यास, ठिकाण टिपून ठेवतात. अक्षरे झिजली तरी मापे उपयोगी पडतात. ३६ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे २८ ग्रॅमचे जाड इंग्रजी नाणे म्हणजे बहुधा १७९७ ची एक औंसाची पेनी. लहान पातळ चकतीवर त्रिकोणात तीन अक्षरे दिसली, तर ते १६४८ ते १६७२ या काळातले दुकानदाराचे टोकन असू शकते. सुट्या पैशांच्या टंचाईमुळे व्यापाऱ्यांनी ती स्वतःच काढली होती. वरचे अक्षर आडनावाचे, खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची.

उणीव जाणवते ती नकाशांत. जेथे ठिपके दाट तेथे नाण्यांचा वापर अधिक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु छांदिष्ट मुख्यतः नांगरलेल्या शेतांत फिरतात. इमारतींखालची जमीन त्यांना मिळत नाही. शिवाय किती शेते धुंडाळून हात रिकामे राहिले, याचा हिशेब नोंदींत नाही. अपूर्णांकाचा अंश आहे, छेद नाही! हा इशारा नकाशाशेजारीच ठळकपणे हवा.

आपल्याकडे विद्यार्थी घरातली शिवराई वर्गात आणतात. ती चिंचेने घासू देऊ नका. आम्लाने हिरवट-तपकिरी थर जातो आणि त्याबरोबर पुसट अक्षरेही. आधी ती तोलावी, मोजावी आणि कोठून आली ते लिहून ठेवावे.