संदर्भ : आधार की आडोसा?

बौद्ध धम्मावरील मराठी लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यातील तळटीपा व संदर्भसूची तपासू लागले म्हणजे हे समाधान ओसरते. 'त्रिपिटकात म्हटले आहे' एवढ्यावरच पुष्कळ लेखक थांबतात. काही जण निकायाचे नाव व पृष्ठांक देतात. पण पृष्ठ कोणत्या आवृत्तीचे, हे सांगत नाहीत. 1881 साली स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती, भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली 1956 ते 1961 या काळात निघालेली नालंदेची 41 खंडांची देवनागरी आवृत्ती आणि इगतपुरीची आवृत्ती, या तिन्हींचे पृष्ठांक भिन्न आहेत. असा संदर्भ गावाचे नाव न लिहिता घरक्रमांक देण्यासारखा आहे.

यातून केवळ गैरसोय होते असे नाही, अर्थाचीही हानी होते. 'अत्त दीप भव' हे वचन आपल्या कमानींवर आणि मुखपृष्ठांवर सर्वत्र दिसते. ज्या उपदेशावरून ते आले, तो दीघनिकायात महापरिनिब्बानसुत्तात (क्र. 16) आनंदाला आणि चक्कवत्तिसीहनादसुत्तात (क्र. 26) भिक्खूंना केलेला आढळतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद वेगळे व बहुवचनी आहे आणि स्वतःबरोबरच धम्मालाही शरणस्थान मानण्यास सांगितले आहे. प्रचलित वचनात हा उत्तरार्ध गळाला. सुत्ताचा निर्देश करण्याची सवय असती, तर तो इतक्या सहज गळाला नसता.

या संदर्भात बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (1957) या ग्रंथात तळटीपा नाहीत, या आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. 'शूद्र पूर्वी कोण होते?' (1946) हा ग्रंथ तळटीपांसह सिद्ध करणाऱ्या विद्वानाला संदर्भाचे महत्त्व ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? धम्मग्रंथाची रचना निराळी आहे, कारण तो सामान्य उपासकासाठी आहे. तरीही त्यातील परिच्छेद क्रमांकित आहेत. त्यामुळे खंड, भाग, प्रकरण व परिच्छेद सांगितला की कोणत्याही आवृत्तीत वा अनुवादात ते स्थळ सापडते. चौथ्या खंडात बुद्धवचनांच्या विपर्यासाची चर्चा करताना बाबासाहेबांनी पाच सुत्ते नावानिशी दिली आहेत आणि ती पाचही मज्झिमनिकायात मिळतात. ग्रंथाचे मूळ पालि आधार शोधण्याचे काम पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी केले. 1995 साली महाराष्ट्र शासनाने अकराव्या खंडाची पुरवणी म्हणून स्रोतांचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला. इतके साधन हाती असताना आजही आपले लेखक या ग्रंथाचा केवळ पृष्ठांक देतात, हे खेदजनक आहे.

संदर्भसूचीची स्थिती याहून निराळी नाही. बाबासाहेब कधी 'डॉ.'मुळे 'ड'खाली, कधी 'ब'खाली, तर कधी 'आ'खाली आढळतात. सारे भिक्खू 'भदंत' म्हणून 'भ'खाली एकत्र जमतात. उपाधी नावानंतर लिहावी आणि भिक्खूंना आडनाव नसल्याने त्यांचे धम्मनाम अखंड ठेवावे, एवढ्या दोन नियमांनी हा गोंधळ मिटेल. 'तत्रैव'चा वापरही जपून व्हावा. संपादनात एक टीप मध्ये आली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते.

हा सारा तांत्रिक काटेकोरपणा विद्यापीठांनी लादलेला आहे, असे कोणी म्हणेल. परंतु महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेस काय सांगतात? 'हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले' असे कोणी म्हटले, तरी ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारू नये. सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. कालामांना तर पिटकात आहे एवढ्याच कारणाने काही मानू नका, असेही सांगितले गेले. म्हणजे संदर्भ दिल्याने विधान सत्य ठरत नाही. ते तपासण्याची वाट मात्र वाचकाला मोकळी होते. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथ पाहू न देता ग्रंथांचे प्रामाण्य ऐकवले गेले, त्याच्या नियतकालिकांनी ही वाट बंद ठेवणे शोभत नाही. म्हणून निकाय, सुत्ताचे नाव व क्रमांक आणि वापरलेली आवृत्ती, एवढे तरी प्रत्येक लेखात असलेच पाहिजे.