कीर्द सोपी झाली, खतावणी राहून गेली

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजच्या विषयाला संयोजकांनी 'डिजिटल साधनं आणि रोजची शिस्त' असं नाव दिलंय. कोणतं ॲप घ्यावं हे सांगायला मी आलेलो नाही. या विषयावरची दोन गाजलेली पुस्तकं आहेत, ती जरा तपासून बघायची आहेत. पण सुरुवात घरापासून करतो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस निम्मा केला. मी तिथंच प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढला, नोट्सच्या ॲपमध्ये टाकला, 'बाबा' आणि 'औषधं' असे टॅग लावले. पुढच्या तपासणीचं रिमाइंडरही लावलं. काम चोख झालं या समाधानात घरी आलो. बारा दिवसांनी बाबा सकाळी उठताना भोवळ येऊन मटकन खाली बसले. डबीत गोळ्या जुन्याच डोसच्या. आठवड्याची डबी आई भरते, आणि आईला मी सांगितलंच नव्हतं. बाबांनी डॉक्टरांचं ऐकलं होतं, पण मुलानं लिहून घेतलंय म्हटल्यावर तेही निर्धास्त. नोंद माझ्याकडे होती, गोळ्या आईकडे होत्या.

ही चूक नेमकी कसली? आपल्या हिशेबाच्या भाषेत तिचं उत्तर आहे. कीर्द आणि खतावणी. कीर्दीत जे घडेल ते घडेल त्या क्रमानं लिहायचं. मग तीच नोंद ज्याच्या-त्याच्या खात्यावर नेऊन मांडायची, ती खतावणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेल्या रोजकीर्दी आहेत. गावातला किराणा दुकानदारही हेच करत आला. काय घडलं ते कीर्द सांगते. कुणाकडे काय येणं-देणं आहे ते खतावणी सांगते. मी कीर्द उत्तम लिहिली होती. ती नोंद आईच्या खात्यावर चढलीच नाही.

आता बघा, फोननं काय केलं? कीर्द जवळपास फुकट केली. फोटो काढा, स्क्रीनशॉट घ्या, स्वतःलाच मेसेज पाठवा. डायरीत लिहिताना हात दुखायचा, म्हणून माणूस निवडून लिहायचा. तो अडथळा गेला. पण या नोंदीचं पुढं काय करायचं, कुणाला कळवायचं, हे ठरवण्याचे कष्ट तेवढेच राहिले. म्हणून आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक फुगलेली कीर्द आहे आणि खतावणीची पानं कोरी.

पहिलं पुस्तक डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन', २००१ सालचं. त्यांच्या पायऱ्या पाच: टिपणं, अर्थ लावणं, मांडणं, आढावा घेणं, करणं. या पाचांतल्या मधल्या तिन्ही खतावणीच्याच आहेत. पुढची कृती नेमकी कोणती हे ठरवा आणि दर आठवड्याला सगळं पुन्हा तपासा, हे ॲलन आग्रहानं सांगतात. त्यामुळे पुस्तकाला दोष देताना न्यायानं द्यायला हवा. आपण त्यातली पहिली पायरी उचलली, कारण ॲपनं तीच सोपी केली.

दुसरं टियागो फोर्टे यांचं 'बिल्डिंग अ सेकंड ब्रेन', २०२२ सालचं. माहिती विषयानुसार न लावता ती कुठल्या चालू कामाला लागणार आहे त्यानुसार लावा, हा त्यांचा सल्ला मला पटतो, मी तो वापरतो. पण नावातच गोम आहे. दुसरा मेंदू! म्हणजे पुन्हा एकाच माणसाचा. दोन्ही पुस्तकांचा नायक एकटा आहे. ॲलन यांच्याकडे इतर माणसं येतात, पण ज्यांना काम सोपवायचं किंवा ज्यांच्याकडून काही येणं आहे अशी. डबी भरणारी आई या रचनेत कुठं बसते? तिला मी काम 'सोपवलेलं' नाही. ती ते रोज करतेच आहे.

घर चालतं ते अशा कामांवर. गॅस कधी लावला, शाळेची फी कधी भरायची, कामवाल्या ताई किती दिवस आल्या नाहीत. हे लक्षात ठेवणं बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या, बहुधा बाईच्या डोक्यावर असतं. आणि नवं ॲप बहुधा दुसऱ्याच कुणाच्या फोनमध्ये येतं.

याउलट १९७३ पासून घराघरांत आलेलं 'कालनिर्णय' घ्या. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, डॉक्टरांची वेळ, सगळं त्याच चौकटीत. लिहिलं कुणीही, तरी जाता-येता सगळ्यांना दिसतं. नोंद लिहिताक्षणी खतावलेली असते. यात जुन्याची भलामण नाही हं. त्या भिंतीवर गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट सापडत नाही, फोनमध्ये सापडतो. परगावच्या मुलीला ती भिंत दिसत नाही, सामाईक कॅलेंडर दिसतं. गूगल कॅलेंडर असो की कीप, दोन्हींत दुसऱ्याला सामील करून घेता येतं. सोय आहे. आपल्याला ती लागते असं वाटत नाही, अडचण ती आहे.

म्हणून साधन किंवा पुस्तक तपासताना मी आता तीन प्रश्न विचारतो. ही नोंद ज्याला लागणार, त्याला ती न मागता दिसेल का? जुनी नोंद रद्द झाली हे कळेल का? आणि मी आठ दिवस आजारी पडलो तर घर अडेल का? आमच्या घरी जुन्या गोळ्यांची पाकिटं डबीशेजारीच पडून होती. माझ्या ॲपमधली नवी नोंद कितीही नीट असली, तरी ती पाकिटं काही तिनं हलवली नसती.

आता रविवारी सकाळी आम्ही दोघं डबी भरायला एकत्र बसतो. आई गोळ्या भरते, मी यादी वाचतो. वीस मिनिटं लागतात. परवा तिनंच मला थांबवलं, म्हणाली, "अरे, ही संध्याकाळची बंद केलीय ना?" यादीत ती तशीच राहिली होती.