शेवट आणि बीज

झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ ही आकेरीच्या वाड्यातील रहस्यमालिका २०१६ साली संपली, तेव्हा आमच्या बेळगाव-निपाणी भागातील प्रेक्षकही हिरमुसले. हा निव्वळ कुतूहलाचा हट्ट होता, असे आम्हांस वाटत नाही. २०१९ सालच्या दुसऱ्या भागात कथा भूतकाळात गेली. पहिल्या भागाचा आरंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला असल्याने शेवट सर्वांस ठाऊक होता. तरीही अण्णा-शेवंतेच्या कथेत प्रेक्षक रमले, कारण तेथील विनाश स्वभावांतून उगवत होता. भरताच्या नाट्यशास्त्रात अखेरच्या संधीस ‘निर्वहण’ म्हटले आहे. पूर्वी विखुरलेले बीजार्थ तेथे एकत्र यावेत, ही अपेक्षा. पहिल्या भागात संशयाची बीजे पात्रापात्राभोवती पेरली गेली. त्यांतील बरीचशी अखेरीस उगवलीच नाहीत. प्रेक्षकांनी पेरलेल्याचा हिशेब मागितला. ती मागणी रास्तच होती.