छंद कुणाचा आणि खूळ कुणाचं? : ‘प्रिन्सेस जेलीफिश’विषयी



मराठीत आवडीला किती नावं आहेत बघा. छंद, नाद, वेड, खूळ. अर्थ जवळपास एकच, पण मान वेगवेगळा. मोठ्या हुद्द्यावरचे साहेब जुनी नाणी जमवतात तेव्हा तो छंद असतो. तीच नाणी नोकरी नसलेल्या, घरी बसून असलेल्या मुलीने जमवली, की आपण म्हणतो, काय खूळ घेतलंय डोक्यात! म्हणजे हे नाव आवडीवरून पडत नाही, माणसावरून पडतं. आज ज्या मालिकेविषयी आपण बोलणार आहोत, ती नेमकं इथेच बोट ठेवते आणि तेही आपल्याला पोट धरून हसायला लावत.

मालिकेचं जपानी नाव ‘कुरागेहिमे’. कुरागे म्हणजे जेलीफिश, हिमे म्हणजे राजकन्या. आकिको हिगाशिमुरा यांची ही मांगा २००८ ते २०१७ या काळात आली. तिच्या सुरुवातीच्या भागावर २०१० साली ११ भागांची ॲनिमे मालिका झाली. दिग्दर्शक ताकाहिरो ओमोरी.

टोकियोत आमामिझुकान नावाचं एक जुनं घर आहे. तिथे पुरुषांना मज्जाव. राहणाऱ्या बायका स्वतःला म्हणवतात ‘आमार्स’; जपानीत ‘आमा’ म्हणजे भिक्षुणी. कागोशिमाहून आलेली त्सुकिमी जेलीफिशपायी वेडी आहे. बान्बाला रेल्वे, मायायाला ‘तीन राज्यांची कथा’ हा चिनी इतिहास, चिएकोला किमोनो आणि पारंपरिक बाहुल्या, तर जिजीला चक्क वयस्कर पुरुष आवडतात. या सगळ्या ओताकू. १९८९मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटचे ढीग सापडले आणि ‘ओताकू’ हा शब्द जपानात जवळजवळ शिवीसारखा झाला. पुढे त्याची धार बोथट झाली, तरी डाग पुरता गेला नाही. हे लक्षात ठेवलं तर या बायका घराबाहेर पडायला का बिचकतात ते कळतं.

मालिकेतला सगळ्यात हुकमी विनोद या बिचकण्याचाच आहे. समोर कुणी फॅशनेबल माणूस आला, की या जागच्या जागी दगड होतात. शब्दशः! पडद्यावर खरोखरचे पुतळे दिसतात. आपण हसतो. पण पहिल्याच भागातला दुकानातला प्रसंग नीट पाहा. त्सुकिमीला दिसतं, की ठिपक्यांचा जेलीफिश आणि चंद्र-जेलीफिश एकाच टाकीत ठेवलेत. दोघं एकत्र जगू शकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती धीर करून आत जाते, पण दुकानदार ऐटबाज, हिची त-त-प-प होते आणि तो हिला वेडी ठरवून बाहेर काढतो. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तरी ते कुणी ऐकत नाही, कारण सांगणारीच्या अंगात ट्रॅकसूट आहे.

तेवढ्यात एक देखणी मुलगी मध्ये पडते. तेच म्हणणं ती ठणकावून सांगते आणि जेलीफिश सुटतो! ही देखणी मुलगी म्हणजे कुरानोसुके, एका राजकारणी घराण्यातला मुलगा. त्याला बायकांचे कपडे आवडतात. त्यात दुरावलेल्या आईची ओढ आहे, बापाचा राजकारणातला वारसा नाकारणंही आहे. मालिका त्याला कोणतंही लेबल चिकटवत नाही आणि त्याच्या साडीचोळीवर, म्हणजे झग्यावर, स्वस्तातले विनोद करत नाही. हसू येतं ते लाज लपवताना त्याच्या घरच्यांची उडते त्या तारांबळीचं.

मग घरावर पुनर्विकासाचं संकट येतं. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. कुरानोसुकेचं म्हणणं असं, की जग कपड्यांवरूनच माणूस तोलतं, तेव्हा चांगले कपडे हे चिलखत समजा आणि लढा. आता प्रश्न असा, की ही शरणागती नाही का? चष्मा काढला, केस सोडले आणि बावळट मुलगी सुंदर झाली, ही युक्ती किती जुनी! आमचं मत असं, की मालिकेला हा धोका कळलेला आहे. कुरानोसुकेचा सज्जन भाऊ शू नटलेल्या त्सुकिमीच्या प्रेमात पडतो, पण तीच त्सुकिमी साध्या वेषात समोर आली तर तो तिला ओळखतसुद्धा नाही. चिलखत पाहिलं, माणूस पाहिलंच नाही. चिलखताची किंमत ही अशी मोजावी लागते.

अजून एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. बाहेर हिणवल्या गेलेल्या या बायकांनी घरात दुसरी चौकट उभी केलीय. पुरुष नको, नटवी नको. म्हणून कुरानोसुकेला तिथे ‘कुराको’ होऊन यावं लागतं. जिथे सगळ्या विक्षिप्तांना आसरा आहे, तिथेही याला सोंग घ्यावं लागतं, आणि ते सांभाळण्याची धडपड बिचाऱ्या त्सुकिमीच्या गळ्यात पडते. दुखावलेली माणसं आपोआप उदार होत नाहीत, हे इतक्या हसतखेळत सांगणं सोपं नाही.

मात्र एक तक्रार नोंदवतो. त्सुकिमीच्या जेलीफिशमधून सुंदर पोशाख निघतात, त्यांचा फॅशन शो होतो. लहानपणी आईने दाखवलेला, लेसच्या झालरीसारखा दिसणारा जेलीफिश कपड्यावर उतरतो, ते पाहताना गलबलून येतं. चिएकोचं शिवणकामही कामी येतं. पण बान्बाच्या रेल्वेचं काय? जिजीच्या म्हाताऱ्यांचं काय? जी आवड विकली जाते ती कला ठरते आणि उरलेली विनोदापुरती राहते. म्हणजे सुरुवातीचा छंद-खूळ हा भेद मागच्या दाराने पुन्हा घरात आलाच.

तरीही ही मालिका जरूर बघा. बघताना एवढंच करा. बान्बा रेल्वेविषयी भरभरून बोलायला लागली आणि तुम्हाला हसू आलं, की थांबा. तुमच्या घरात, इमारतीत, ऑफिसात असं भरभरून बोलणारं कोण आहे, आणि त्याचं वाक्य आपण शेवटचं कधी पूर्ण होऊ दिलं होतं, ते आठवा.